मृग नावाची आवृत्ती

परवा मोर्शीवरून वरूडला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे बगीचे ताणावर सोडलेले दिसले. संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडायचं, त्याला भर उन्हात उपाशी ठेवायचं, पानं मलूल झाली की नेमक्या वेळी पाणी द्यायचं, आणि मग ते झाड जिवाच्या भीतीनं फुलतं. याला मृग बहार म्हणतात. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. पण गाडीच्या काचेतून ती दुमडलेली पानं पाहिली आणि मी डोळे मिटून घेतले. मृग लागून गेला होता. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. कुठल्या तरी बगीच्यात एखादा म्हातारा विहिरीवरच्या मोटारीच्या खटक्यापाशी उभा राहून पाणी सोडावं की थांबावं, याचा विचार करत असणार, हे मला न पाहताच दिसलं.

शेजारी बसलेल्या मावसबहिणीनं विचारलं, "काय झालं वं? गाडी लागून राहिली का तुले?"

मी हो म्हटलं. खरं सांगायला वरूडपर्यंतचा रस्ता पुरला नसता, आणि ती लग्नाला निघाली होती, माझी भुतं ऐकायला नव्हे.

हे भूत आहे एका वेबसाइटचं. हसू येईल, पण माझ्या वाट्याला तेच आलं. आजीकडून ऐकलेली, पिंपळावरची, उलट्या पायांची भुतं मला कधी भेटली नाहीत. मला भेटलं ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत राहणारं. आजही कुठलंही संकेतस्थळ उघडलं, बँकेचं असो की रेल्वेचं, की माझी नजर आधी तळाशी जाते. ही आवृत्ती कोणती, ही कधी चढवली, आणि हिच्या आधी इथे काय लिहिलेलं होतं?

मी तेव्हा अकोल्यात नोकरीला होते. घर अमरावतीचं, पण रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून खोली करून राहिलेली. ती वऱ्हाडाची वाईट वर्षं होती. कापसानं मारलं, पावसानं मारलं, आणि जे उरलं त्याला सल्ल्यानं मारलं, असं आमच्या खोलीमालकीणबाई म्हणायच्या. पाऊस पडेना, पण सल्ल्याची अतिवृष्टी चालली होती. समित्या येत होत्या, पाहणी दौरे येत होते, टीव्हीवाल्यांच्या गाड्या बांधावर जाऊन उभ्या राहत होत्या. जो तो शेतकऱ्याला काय करावं ते सांगत होता. त्यातच कुठल्याशा योजनेतून आमच्या सरांना एक काम मिळालं. पिकांचा सल्ला देणारी वेबसाइट करायची, आणि तालुक्यातालुक्यातल्या कृषी केंद्रांच्या दुकानांत एकेक कॉम्प्युटर ठेवून तिथे ती शेतकऱ्यांना दाखवायची.

ऑफिस मोर्णेच्या पुलाजवळ होतं, फवारणी पंपांच्या दुकानावर. जिना चढताना औषधांचा वास आणि वर आल्यावर कूलरमधल्या वाळ्याचा, असे दोन वास एकमेकांत मिसळून जो तिसरा व्हायचा तो मला अजून अधूनमधून येतो, कुठेही, कारण नसताना. मांडणी साधी होती. सर बाहेरची कामं आणायचे, मी कोड लिहायचे, आणि साइट चढवायचे ते नईमभाई. तयार झालेलं पान आमच्या मशीनवरून दूरच्या सर्व्हरवर टाकायचं, म्हणजे ते सगळ्या दुकानांत दिसू लागतं, त्याला आम्ही चढवणं म्हणत होतो. नईमभाई जुन्या शहरातले. आजोबांची बाळापूरकडे शेती होती, ती गेली, पण नक्षत्रं घरात राहिली. मृगाचं वाहन काय, आर्द्रा कशावर बसून आली, हे त्यांना आमच्या सरांपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

पानाच्या तळाशी आवृत्तीचं नाव लिहायचं, हा शिरस्ता त्यांचाच. आधी तिथे सगळीकडे असतात तसे आकडे आणि टिंबं होती. ती पाहून दुकानांतून फोन यायचे की हा कशाचा भाव आहे. मग नईमभाईंनी आकडे काढून नक्षत्राचं नाव टाकलं. आवृत्ती: रोहिणी. आवृत्ती: मृग. लोकांना ते फार आवडलं. एकदा मध्येच मजकूर बदलला म्हणून त्यांनी 'मृग दोन' असं लिहिलं, तर दिवसभर फोन थांबेना. अचलपूरकडून एकानं तर सरळ विचारलं, "काहो, औंदा मृग दोनदा आला काय?" त्या दिवसापासून नईमभाईंनी नियमच केला. नक्षत्र बदलल्याबिगर पाटी बदलायची नाही. आत मजकूर कितीही बदलो, मृग संपेपर्यंत खाली मृगच. आम्ही सगळे हसलो होतो, आणि नियम आम्हाला पटलाही होता. आवृत्तीचं नाव हे गावाच्या पाटीसारखं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

जुन्या पानांचं काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. नवं चढवलं की जुन्याच्या जागी बसायचं. आमच्या मशीनवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' असे फोल्डर होते आणि त्यातलं खरं कोणतं हे विचारलं की प्रत्येक जण वेगळ्यावर बोट ठेवायचा.

वऱ्हाडात तेव्हा रस्त्याकडेच्या प्रत्येक भिंतीवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असत. दर हंगामाला जुन्यावर चुना मारून नवं वाण रंगवायचे. पण उन्हानं चुना उडायचा आणि नव्या वाणाच्या पोटातून दोन वर्षांपूर्वीचं वाण वर यायचं, ज्यानं लोकांना बुडवलं होतं ते. अमरावतीच्या बसमधून मी त्या भिंती वाचत जायचे. भिंतीला निदान लाज असते, ती जुनं थोडं तरी दाखवते. आमच्या पानाला तेवढीही नव्हती.

ज्या मृगाबद्दल मी सांगतेय, त्या मृगात पाऊस आला नाही. अकोल्यात तर कूलरसुद्धा गरम हवा टाकत होता. लोडशेडिंग असं की वीज गेली म्हणण्याऐवजी लोक वीज आली असं सांगायचे. ऑफिसातला इन्व्हर्टर थोडा वेळ किरकिर करायचा आणि मग तोही मान टाकायचा. मी घामानं चिकटलेले कागद हातावरून सोडवत बसायचे. बातम्या ऐकवत नव्हत्या. जिल्ह्याच्या पेपरात रोज कुणाचा तरी पासपोर्ट आकाराचा फोटो. आम्ही पेपर उलटा ठेवून त्यावर आलुबोंडे खायचो.

त्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भादव्याचं ऊन पडलं होतं तेव्हा, एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. वरूडपलीकडच्या एका गावचे, नाव तुळशीरामजी. दुपारची वेळ होती. सर, नईमभाई आणि मी, आम्ही तिघंही ऑफिसात होतो. त्यांनी पाणी घेतलं, पण बसले नाहीत.

"मले एकच गोष्ट इचाराची हाये," ते म्हणाले. "मृगात तुमच्या पानावर काय लिहेल होतं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, कुणालाही दोष न देता. त्यांचा बगीचा बरड जमिनीत, म्हणजे खाली मुरूम असलेल्या हलक्या जमिनीत. विहिरीत एकाच ओलिताचं, म्हणजे एकदा भिजवण्यापुरतं पाणी. झाडं ताणावर होती आणि पानं इतकी दुमडली होती की पाणी सोडावं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पण मुलगा, गजानन, कामासाठी अमरावतीला जाताना बजावून गेला होता की बाबा, या वर्षी अंदाजानं काही करू नका, दुकानात जाऊन पान पाहा आणि तसंच करा. म्हणून ते शुक्रवारी वरूडला गेले आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतः वाचलं. आठ दिवस थांबा, मग ताण तोडा. ते परत आले आणि आठ दिवस थांबले. मोटारीचा खटका समोर दिसत असताना थांबले. नवव्या दिवशी गजानन आला तेव्हा बगीच्याच्या कडेच्या झाडांनी पानं टाकली होती आणि फांद्या वरून वाळायला लागल्या होत्या. तो तसाच दुकानात गेला. पानावर दोन ओळी होत्या. हलक्या जमिनीत ताण लगेच तोडा. भारी जमिनीत आठ दिवस थांबा. खाली आवृत्ती: मृग.

"पोरगा म्हणते, बाबा तुमी खालची ओळ वाचली, वरची सोडली," तुळशीरामजी म्हणाले. "पण मले त एकच ओळ दिसली होती. एकच. मी दोनदा वाचली."

सरांनी खुर्ची फिरवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे केला. सर वाईट नव्हते. आवाजही चढवला नाही. "काकाजी, तुम्ही वाचलं तेव्हा खाली काय नाव होतं?"

"मृग होतं."

"आणि मुलानं वाचलं तेव्हा?"

"थेही मृगच."

"मग पान तेच ना. आवृत्ती बदलली असती तर नाव बदललं असतं."

नईमभाईंनीही सांगितलं, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं, "दोन्ही ओळी म्याच टाकल्या काकाजी, संगसंगच टाकल्या."

तुळशीरामजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. जणू ती ओळ अजून त्या स्क्रीनवर सापडणार होती, तसे ते वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "गजू म्हने डोळे दाखवून या. अमरावतीले जाऊन दाखवले. डाक्टर म्हनते डोळे बराबर हायेत." थोडं थांबून ते हसले, ओशाळल्यासारखं. "मंग डोक्यातच काई असन."

मला त्या माणसाची दया आली नाही, भीती वाटली. झाडं गेली हे वाईटच, पण झाडांसाठी ते आलेच नव्हते. ते स्वतःच्या शुद्धीची चौकशी करायला बस बदलत बदलत अकोल्याला आले होते, आणि आम्ही त्यांना त्यांच्याच साक्षीनं खोटं पाडलं. खरं तर मलाही वाटलं होतं की बुढ्याचं चुकलं असेल. वय झालं, ऊन, बारीक अक्षरं. सगळ्यांना तेच वाटलं. सगळ्यांना एकदमच तसं वाटलं, तर त्या एकट्या माणसाला सुटकाच नसते.

मी त्यांना खाली ऑटोपर्यंत पोचवायला गेले. ते म्हणाले, "पोरी, तुले लिहेलं सारं दिसते ना बराबर?" मी म्हटलं, दिसतं. "मलेही दिसते," ते म्हणाले, "पन आता मी घरात कोनाले तरी इचारून घेतो. बरं असते."

त्यांच्या जाण्यानंतर मी एक साधी गोष्ट करायचा प्रयत्न केला. त्या शुक्रवारी पानावर नेमकं काय होतं, ते शोधून पाहावं म्हटलं. कुठेच नव्हतं. सर्व्हरवर फक्त आजचं पान होतं. फायनलमध्ये एक, फायनल नवीनमध्ये दुसरं, दोन्हींवर तारीख नाही. शेकडो दुकानांत हजारो माणसांनी वाचलेली अक्षरं, ज्यांच्यावर विसंबून लोकांनी पाणी सोडलं किंवा अडवलं, ती अशी पुसली गेली होती की ती कधी होती हे सिद्ध करायलाही काही नाही. मला याचा संताप आला. किराणा दुकानदारसुद्धा आदल्या दिवशीचा भाव सांगू शकतो, आणि आम्ही, पाटीवर 'माहिती तंत्रज्ञान' लिहिलेले, सांगू शकत नव्हतो.

म्हणून दिवाळीनंतर मी ते काम हाती घेतलं. सरांना वाटलं योजनेच्या अहवालासाठी चांगलं दिसेल, म्हणून त्यांनी होकार दिला. आता हे काम शिकाऊ पोरंही करतात, त्यात काही मोठेपणा नाही. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कुणीही पान चढवायला घेतलं की ती आधी जुनं पान बाजूला जपून ठेवायची. नव्याला आपणहून पुढचा क्रमांक द्यायची. कुणी चढवलं, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे नोंदवायची आणि तो क्रमांक व ती वेळ पानाच्या तळाशी स्वतःच छापायची. माणसाच्या हातात काही ठेवलंच नाही. विसरायचं ठरवलं तरी विसरता येणार नाही, असं केलं. आणि तारीख टाकली की त्या दिवशीचं पान समोर उभं करणारी एक खिडकी केली.

नईमभाई रागावले. "मशीन नाव ठेवीन आता?" ते म्हणाले. "बारसं कराले आत्या लागते बेटा, घड्याळ नाई." मी मृगाचं नाव राहू दिलं, शेजारी क्रमांक आणि वेळ. ते बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहा मात्र रोज माझ्या टेबलावर आणून ठेवायचे.

माझी आई हल्ली एकेक गोष्ट विसरते. मी तुला असं म्हणालेच नव्हते, म्हणते. मी म्हणते, म्हणालीस. मग मला कळत नाही की कुणाचं खरं. माणसांचंही असं नोंदवून ठेवता आलं असतं तर, वगैरे वाक्यं अशा वेळी सुचतात. मला ती आवडत नाहीत. नोंद असती तरी मी ती आईला काढून दाखवली असती का? एवढं मात्र मी शिकले आहे की तिचं चुकतंय याची मला पक्की खात्री वाटते, तेव्हाच मी आवाज खाली आणते.

पुढच्या वर्षीचा मृगही तसाच कोरडा लागला. तेच ऊन, तोच वाळ्याचा वास, तोच इन्व्हर्टर. एका सकाळी नईमभाईंनी मृग बहाराचं पान बदलायला घेतलं आणि मध्येच वीज गेली. दुपारी आली तेव्हा त्यांनी उरलेलं काम केलं. नंतर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि नोंदींच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे दोन क्रमांक काहून दाखवून राहिलं? म्या त एकच बदल केला."

"तुम्ही दोनदा चढवलंत, नईमभाई. एकदा सकाळी, एकदा आत्ता."

"सकाळचं चढवनं थोडीच होतं ते? एक ओळ टाकून नुसतं पाह्यलं बराबर दिसते का. मंग बाकीचं टाकलं."

"पण पाहण्यासाठी चढवलं तरी दुकानांत ते दिसतंच ना."

ते पुढे वाकले. माझ्या हातातून माउस घेतला आणि नोंदी मागे सरकवत गेले. जिथे तिथे त्यांची हीच रीत होती. आधी एक ओळ चढवायची, ठीक दिसते का पाहायचं, मग उरलेलं. पहिली भाकर तवा पाहण्यासाठी टाकतात तसं. त्यांच्या हिशेबी ती पहिली भाकर मोजायचीच नसते. दोन्हींच्या मध्ये कधी थोडा वेळ गेलेला, कधी वीज गेली म्हणून अर्धा दिवस. नावाखाली सगळं एकच दिसत होतं म्हणून त्यांनाही हे कधी दिसलं नव्हतं. ते माठापाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि तसेच भिंतीला टेकून उभे राहिले.

"मागच्या मृगाचं दाखवते का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तेव्हा हे नव्हतं."

"दाखवाची गरज नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "मागच्या मृगात, जुम्म्याच्या दिवशी, आमच्या पोरीची, सायराची मंगनी होती. सकाळी येऊन म्या भारी जमिनीची ओळ टाकून पाह्यली. लाईट गेली. मी घरी निंगून गेलो, मेमान येऊन राहिले होते. हलक्या जमिनीची ओळ दुसऱ्या दिवशी येऊन वर टाकली, अन् खालच्या ओळीत 'भारी जमिनीत' हे शब्दही तवाच घातले." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "काकाजी म्हनले होते ना शुक्रवारी पाह्यलं म्हनून?"

हो, म्हणाले होते. शुक्रवार हा शब्द आम्ही तिघांनीही ऐकला होता.

सर म्हणाले, आता उकरून काय होणार, झाडं का परत येणार आहेत? आणि लेखी तर काहीच देऊ नका. नईमभाई म्हणाले, "लेखी नाई देत. तोंडानं सांगून येतो." त्यांच्या सोबत मी गेले. त्यांना वाट माहीत होती, पण एकटं जाववत नव्हतं, असं त्यांनी सरळ सांगितलं.

अमरावतीला गाडी बदलली. वरूडच्या पुढे डावीकडे कुणीतरी वेळेवर पाणी दिलेला बगीचा होता आणि तो फुलला होता. गाडीत एकदम तो वास शिरला, गोड, दाट, डोकं जड करणारा. सगळ्या गाडीनं त्या बाजूला तोंड केलं. नईमभाईंनी खिडकी लावून घेतली.

तुळशीरामजींच्या घरासमोर पटांगण होतं आणि पलीकडे बगीचा. बगीच्याची कडेची पट्टी मोकळी होती, तिथे आता तूर पेरायची तयारी दिसत होती. गजानन ट्रॅक्टरपाशी काहीतरी दुरुस्त करत होता. चाळिशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. कुठून आलो हे ऐकल्यावर हात पुसत पुढे आला, आम्हाला खाट टाकून दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. ती ओसरीवर सासऱ्याला पेपर वाचून दाखवत होती, ती उठून आत गेली. तुळशीरामजी टोपी घालून तसेच बसले होते. चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. वर्षभरात माणूस एवढा आटतो, हे मला माहीत नव्हतं.

गजानन वाईट वागत नव्हता, उलट फार जपत होता, आणि त्यानंच मला जास्त त्रास झाला. "बाबाइले आता काई टेन्शन देत नाई आमी," तो म्हणाला. "बगीच्याचं मीच पाह्यतो. मोटारचा खटकाबी वरतं बसवला, चुकून हात नको लागाले." हे तो त्यांच्यासमोरच बोलला, लहान मुलाबद्दल बोलावं तसं, आणि तुळशीरामजींनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

नईमभाई खाटेवरून उठले आणि त्यांच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसले. "काकाजी, ओयखलं का? अकोल्याचा नईम. तुमी ऑफिसात आलते."

"हौ, ओयखलं."

"तुमी शुक्रवारी पान वाचलं, त्या दिवशी त्याच्यावर एकच ओळ होती. भारी जमिनीची, पन तिच्यात जमिनीचं नाव नव्हतं. दुसरी ओळ म्या दुसऱ्या दिवशी टाकली. नाव तेच राहिलं म्हनून कोनाले समजलं नाई, मलेही नाई. तुमी जे वाचलं थे बराबर वाचलं. चूक आमची हाये. तुमचे डोळेही बराबर होते अन् डोस्कंही."

गजाननच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी तुळशीरामजींकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळेल, ते रागावतील, रडतील, निदान मुलाकडे एकदा ताठ मानेनं पाहतील, या आशेनं मी अकोल्याहून इतक्या लांब आले होते, हे मला तेव्हा समजलं.

त्यांनी नईमभाईंकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले, ऐकलेलं मनात परत म्हणत असावेत. मग ते हळूच गजाननकडे वळले आणि आवाज खाली आणून, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यांनी विचारलं, "गजू, हे भाऊ काय म्हनून राहिले? मी बराबर वाचलं होतं, असंच म्हनतात ना? मले बराबर आयकू आलं का?"

गजानन वडिलांच्या शेजारी ओसरीवर टेकला, तोंड दुसरीकडे करून. मग म्हणाला, "हौ बाबा. बराबर आयकू आलं तुमाले."

"पाय बरं," तुळशीरामजी म्हणाले, "एकडाव तूच इचारून घे त्याइले. माह्या भरोशावर नको राहू."

गजाननानं विचारलं. नईमभाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश. तुळशीरामजी ते ऐकत होते, पण पाहत मुलाच्या तोंडाकडे होते.